उतारा हरवला, जमीन जागेवर: माशेलच्या छापखान्यातील बिघडलेल्या पॅकेज-नोंदवहीची दुरुस्ती

सोमवार, २ सप्टेंबर २०२४. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, शनिवारी, ७ तारखेला. माशेलच्या एका लहान छापखान्यात घुमट आरत्यांच्या पुस्तिकेचं काम अगदी गळ्याशी आलं होतं. बत्तीस पानं, दीड हजार प्रती, गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायच्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास वारा सुटला, माडाचं झाप विजेच्या तारेवर पडलं आणि अख्खा वाडा अंधारात गेला. संगणकाला यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेली होती. दिवा गेला त्याच क्षणी संगणकही गेला, आणि नेमकं तेव्हाच त्याच्यावर अपग्रेड चालू होतं.

संगणकावर डेबियन १२, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. छापखान्याचं सगळं काम त्यावरच चालतं: स्क्रायबसमध्ये पानं लावायची, इंकस्केपमध्ये मुखपृष्ठ करायचं आणि कप्स या छपाई सांभाळणाऱ्या सेवेमार्फत लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढून प्लेट बनवायची. शिमग्यापासून अपग्रेड राहिलं होतं. डेबियन १२.६ आलं २९ जूनला आणि १२.७ आलं ३१ ऑगस्टला. दोन्हींचा साठा एकदम उतरत होता, एकूण १४३ पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामांचे आणि त्यांच्या पूरक फाइलींचे गठ्ठे. डीटीपीचं काम बघणाऱ्या ताईंनी ते मीच लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून सुरू केलं होतं. चिठ्ठीत आकाशाकडे बघा असं काही लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेनवाला मालकांचा फोन आला. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. "आतां कितें करप रे? मशीन चालू झालं, पानं दिसतात, पण ट्रेसिंग निघत नाही. आणि काहीही घालायला गेलं की लाल अक्षरं येतात."

मी फोंड्याहून निघालो. बाणस्तारीला वळेपर्यंत डोक्यात एकच धास्ती होती, की मी पोचायच्या आत कुणी तरी नवीन इन्स्टॉल करून टाकेल. अशा वेळी शेजारपाजारच्या चांगल्या मनाच्या माणसांना पहिलं तेच सुचतं.

(पुढे आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये द्यायची.)

काय दिसलं

डेस्कटॉप नीट उघडत होता. स्क्रायबस चालत होतं. कप्सची सेवा मात्र उठतच नव्हती, कारण तिचे काही भाग नव्या आवृत्तीचे झाले होते आणि काही जुन्याच आवृत्तीचे राहिले होते. हे सरळ करायला अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुरं करणं भाग होतं, आणि नेमकं तेच होत नव्हतं. पॅकेजेस बसवणाऱ्या-काढणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामाला काहीही सांगितलं की एकच उत्तर येई: स्टेटस फाइल वाचताना "डिपेंड्स" या रकान्याचा मजकूर संपायच्या आतच फाइल संपली. पॅकेजेस इंटरनेटवरून उतरवून डीपीकेजीकडे देणाऱ्या ॲप्टचं म्हणणंही तेच, की याद्या किंवा स्टेटस फाइल वाचता येत नाही.

इथे गोव्यातल्या वाचकाला चटकन पटेल असं एक उदाहरण देतो. जमीन आपल्या नावावर आहे याचा कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा. उतारा हरवला म्हणून जमीन कुठे जात नाही, माड तिथेच असतात, कुंपणही तिथेच असतं. पण विकायची, वाटणी करायची, कर्ज काढायचं, तर पाऊल पुढे पडत नाही. डीपीकेजीची स्टेटस फाइल म्हणजे यंत्रणेचा असा उतारा. कुठलं पॅकेज, कुठल्या आवृत्तीचं, कशावर अवलंबून, पुरं बसलेलं की अर्धवट, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ती बिघडली तरी प्रोग्राम जागेवर असतात आणि चालतातही, फक्त त्यांच्यात काही बदल करता येत नाही. काकांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जमीन आहे ना? मग उतारा काढू." त्या वाक्यानंतर खोलीतला ताण बराच उतरला.

माझ्या आधी एका मुलानं इंटरनेटवर वाचून लॉक फाइल काढून टाकली होती. तिचा इथे काही संबंध नव्हता. डीपीकेजीचं टाळं त्या फाइलीच्या असण्यात नसतं, चालू प्रक्रियेनं कर्नलकडून, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याकडून, तिच्यावर घेतलेल्या हक्कात असतं. प्रक्रिया मेली की हक्क आपोआप सुटतो. ती फाइल काढून बिघडलं काही नाही, पण सुधारलंही काही नाही.

आधी हात बांधून

पहिलं काम म्हणजे छपाईचं काम वाचवणं. पुस्तिकेच्या फाइली आणि ताईंच्या घरच्या फोल्डरमधले फाँट पेन ड्राइव्हवर घेतले. अगदीच हात टेकले तर पीडीएफ घेऊन फोंड्यात दुसरीकडे ट्रेसिंग काढायचं, असं काकांशी बोलून ठेवलं. ही वाट मोकळी असल्यामुळेच पुढचं काम घाई न करता करता आलं.

मग संगणक बंद केला, लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे स्वतःची यंत्रणा असलेल्या पेन ड्राइव्हवरून, उठवला आणि डीडीरेस्क्यूनं संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली. तिथल्या जुन्या यूएसबी पोर्टवर त्याला तास-सव्वा तास लागला. बाहेर पाऊस कोसळत होता, बाजारात गणपतीच्या माटोळीचं सामान मांडायला सुरुवात झालेली, आणि काका दर दहा मिनिटांनी दारात येऊन जात. इतका वेळ नुसतं बसणं जड जातं. पण चालू यंत्रणेतलं प्रत्येक लिहिणं पुराव्यावर पडतं, आणि पुरावा पुसला गेला की दुरुस्तीची जागा अंदाज घेतो. फाइल सिस्टिमची तपासणीसुद्धा प्रतिमा घेतल्यावरच केली. तिला फारसं काही सापडलं नाही, जर्नल, म्हणजे तिची बदलांची नोंद, पुन्हा चालवून ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम समाधानी होती.

डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे ती स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिला. खराब सेक्टर एकही नव्हता. मात्र अचानक बंद होण्याची नोंद तीन आकडी होती. यूपीएसची बॅटरी कधीपासून नावापुरतीच उरली होती, हे त्या आकड्यानं सांगितलं.

शून्यं कुठून सुरू होतात

स्टेटस फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून ती डोळ्यांनी वाचता येते. मी ती हेक्सडंपमधून सोडली, जो फाइलीतला प्रत्येक बाइट आकड्यांत आणि शेजारी अक्षरांत दाखवतो. उजव्या बाजूला ओळखीची अक्षरं खाली सरकत होती: पॅकेजचं नाव, "इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड", विभाग, आकार, आवृत्ती. आणि मग घोस्टस्क्रिप्टच्या लायब्ररीच्या नोंदीत, "डिपेंड्स" या शब्दापुढे, "लिबसी६" आणि उघडा कंस दिसला आणि अक्षरं तिथेच थांबली. पुढे सगळी शून्यं. फाइलीची लांबी जवळपास दोन मेगाबाइट दाखवत होती, पण मजकूर ९,३७,९८४ बाइटांवर संपत होता. या आकड्याला ४,०९६ नं भागलं तर बरोबर २२९ येतात, बाकी शून्य. डिस्कवरचा एक ब्लॉक ४,०९६ बाइटांचा. म्हणजे २२९ ब्लॉक खरोखर लिहिले गेले आणि बाकीच्यांची नुसती जागा धरली गेली.

ही फाइल नावांच्या इंग्रजी वर्णक्रमानं लिहिली जाते. त्यामुळे ए पासून एलच्या मध्यापर्यंतची ८७४ पॅकेजेस शाबूत होती, आणि त्यापुढचं सगळं गेलं होतं: बहुतेक लायब्रऱ्या, स्क्रायबस, शेवटी झेडलिबपर्यंत.

असं का झालं, याचा माझा तर्क सांगतो. डीपीकेजी या बाबतीत निष्काळजी नाही. तो नवी स्टेटस वेगळ्या नावानं लिहितो, एफसिंक करून डिस्ककडून "पोचलं" अशी पावती घेतो, आणि मगच नाव बदलून ती जुनीच्या जागी बसवतो. आधीची प्रत स्टेटस-ओल्ड म्हणून ठेवतो. एवढं करूनही शून्यं आली, म्हणजे पावती खोटी होती. स्वस्तातल्या काही एसएसडी मजकूर आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेतात आणि तेवढ्यावरच "लिहिलं" म्हणतात. महागड्यांत वीज गेल्यावरही काही क्षण तग धरणारे कपॅसिटर असतात, यात नव्हते. स्टेटस-ओल्डसुद्धा काही मिनिटांपूर्वीच लिहिली गेलेली, म्हणून तिचीही तीच गत. पहिल्या रांगेतला जामीनदार असा हातचा गेला.

जुलैची प्रत

डेबियन रोज एकदा स्टेटस फाइलीची प्रत "व्हार"मधल्या "बॅकअप्स" फोल्डरमध्ये टाकतं. डेबियन १२ मध्ये हे काम सिस्टमडीचा टायमर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय, करतो, पूर्वी क्रॉन करायचं. सगळ्यात ताजी प्रत शून्य क्रमांकाची, तिच्या मागे एकपासून सहापर्यंत दाबून ठेवलेल्या जुन्या, अशा सात.

शून्य क्रमांकाची प्रत उघडली तर तीही अर्धी शून्यं! क्षणभर पोटात गोळा आला. मग तारीख पाहिली: ३ सप्टेंबर, सकाळची. ताईंनी सकाळी संगणक चालू केला, रात्री हुकलेलं काम टायमरनं भरून काढलं, आणि बिघडलेली स्टेटसच इमानानं "प्रत" म्हणून ठेवली. तो फक्त दोन फाइली सारख्या आहेत का ते बघतो, नव्या फाइलीत अर्थ आहे का ते बघत नाही. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण शून्य क्रमांक खराब निघाला की पुष्कळ जण तिथेच हात टेकतात.

एक क्रमांकाची दाबलेली प्रत सोडवली. ती पूर्ण होती, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या ओळीपर्यंत. पण तिची तारीख ११ जुलै. काका म्हणाले, "दीड महिन्याचं जुनं घालणार?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर अंदाजानं देण्यासारखं नव्हतं.

फरक पडला तरच टायमर नवी प्रत करतो. तेव्हा ११ जुलैनंतर दुसरी प्रत नाही याचा अर्थ एवढाच, की २ सप्टेंबरपर्यंत स्टेटसमध्ये काही बदललंच नाही. पण त्याला दुसरी साक्ष हवी होती. ती मिळाली डीपीकेजीच्या लॉगमध्ये. तिथे प्रत्येक घडामोडीची एक ओळ असते: तारीख, वेळ, काय केलं, कुठलं पॅकेज, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती. महिन्याचा लॉग बाजूला ठेवला जातो, आणि रिकामा असेल तर ठेवलाही जात नाही. जुलैच्या लॉगमधल्या शेवटच्या ओळी ११ तारखेच्या होत्या. त्या दिवशी ताईंनी नकुल आणि सहदेव हे दोन देवनागरी फाँट घातले होते. त्यांनाही ते आठवत होतं, एका लग्नपत्रिकेसाठी घातले होते म्हणाल्या. ऑगस्टचा लॉग नव्हताच. त्यानंतरची पहिली ओळ थेट २ सप्टेंबर, संध्याकाळी पाच वाजून एकेचाळीस मिनिटांची.

म्हणजे दिसायला जुनी असलेली ती प्रत, अपग्रेड सुरू होण्याच्या आदल्या क्षणाचं अचूक चित्र होती.

तिसरी साक्ष ॲप्टच्या हिस्टरी लॉगची. त्यात २ तारखेच्या अपग्रेडची सुरुवातीची वेळ आणि १४३ पॅकेजेसची पूर्ण यादी होती, शेवटची वेळ नव्हती. काम अर्ध्यात तुटलं की हा लॉग असाच दिसतो. चौथी साक्ष डीपीकेजीच्या "इन्फो" फोल्डरची. तिथे प्रत्येक पॅकेजची "लिस्ट" नावाची फाइल असते, त्या पॅकेजनं डिस्कवर काय काय मांडलंय त्याची यादी. अशा १,९१२ फाइली होत्या. जुलैच्या प्रतीतली बसवलेली पॅकेजेस आणि या फाइली मी नावानिशी ताडून पाहिल्या. फरक निघाला फक्त अपग्रेडमध्ये नव्यानं आलेल्या कर्नलच्या पॅकेजचा. तो तसाच निघायला हवा होता.

चारही साक्षी जुळल्यावरच मी हात घातला.

स्टेटस बसवणं आणि पॅडिंगचा अडथळा

लाइव्ह यूएसबीवरूनच बिघडलेली स्टेटस नाव बदलून बाजूला ठेवली आणि जुलैची प्रत तिच्या जागी ठेवली. मालकी रूटची, परवानग्या पूर्वीच्याच. संगणक त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून, पण मजकुरी पडद्यावर उठवला. डीपीकेजी --ऑडिट दिलं. या वेळी तक्रार वेगळी होती: "अपडेट्स" फोल्डरमधल्या एका क्रमांकाच्या फाइलीत, शून्याव्या ओळीजवळ, "#पॅडिंग" या रकान्याच्या नावात ओळ तुटली आहे.

ही चूक पाहून पुष्कळांना घाम फुटतो, म्हणून ती येते कुठून ते सांगतो. प्रत्येक पॅकेजमागे दोन मेगाबाइटची स्टेटस नव्यानं लिहिणं परवडत नाही. म्हणून डीपीकेजी प्रत्येक बदलाचं छोटं टिपण "अपडेट्स"मध्ये क्रमांकानं ठेवतो आणि मधूनमधून ती टिपणं मुख्य फाइलीत जिरवतो. टिपण लिहायच्या आधी तो त्या जागी "#पॅडिंग" अशा ५१२ ओळी लिहून जागा अडवतो, म्हणजे डिस्क भरलेली असेल तर ते आधीच कळावं, ऐन वेळी नव्हे. मग त्यावर खरी नोंद लिहितो आणि उरलेलं कापून टाकतो. आमची वीज या लिहिण्या-कापण्याच्या मधे गेली होती.

इथे दोन वाटा होत्या. एक, बिघडलेलं तेवढंच टिपण काढायचं आणि बाकीची चांगली टिपणं जिरवू द्यायची. दुसरी, सगळीच टिपणं बाजूला ठेवायची. मी दुसरी घेतली. टिपणं अपग्रेडच्या मधल्या कुठल्या तरी क्षणाची होती, आणि त्या क्षणाआधी स्टेटसमध्ये जिरलेले बदल आता आपल्याकडे नव्हते. अर्धी हकिकत जुलैची आणि अर्धी सप्टेंबरची अशी मिसळ केली, तर कोण कुणावर अवलंबून आहे याचा हिशेब कुठे तरी चुकणारच. त्यापेक्षा यंत्रणेला स्पष्ट सांगावं की अपग्रेड झालंच नाही, आणि ते पहिल्यापासून पुन्हा करावं.

यात एक शंका स्वाभाविक आहे. डिस्कवर काही पॅकेजेसच्या नव्या फाइली आधीच उतरलेल्या असताना त्यांच्यावर तेच पुन्हा उतरवणं सुरक्षित आहे का? आहे. डेबियनच्या धोरणातच लिहिलंय, की पॅकेजच्या आतल्या बसवणाऱ्या-काढणाऱ्या स्क्रिप्ट अशा हव्यात, की मधे तुटल्या आणि पुन्हा चालवल्या तरी परिणाम तोच यावा. ज्यांनी ही अट घातली त्यांनी अशीच एखादी काळी संध्याकाळ पाहिली असणार.

नंतर "इन्फो"तल्या लिस्ट फाइली चाळल्या. धड लिस्ट फाइल कधीच रिकामी नसते, तिची पहिली ओळ "/." असते. तरी नऊ फाइली शून्य लांबीच्या निघाल्या आणि दोन शून्य बाइटांनी भरलेल्या. शून्य बाइटांनी भरलेली अशी एखादी फाइलसुद्धा डीपीकेजीला अडवते, कारण काहीही उतरवण्याआधी तो सगळ्यांच्या याद्या वाचून घेतो. त्या अकरा बाजूला काढल्या. फाइल नसली तर तो नुसता इशारा देतो, की या पॅकेजची एकही फाइल नाही असं धरून चालतो, आणि पुढे जातो. ती अकराच्या अकरा पॅकेजेस अपग्रेडच्या यादीतलीच होती, त्यामुळे त्यांच्या याद्या नव्यानं लिहिल्या जाणारच होत्या. नसती, तर प्रत्येकाला --रीइन्स्टॉल द्यावं लागलं असतं.

उतरवलेली पॅकेजेस (त्यांच्या फाइलींना डेब म्हणतात) ॲप्टच्या साठ्यात होती, पण ताज्या लिखाणावर आता माझा विश्वास राहिला नव्हता. साठा आणि याद्या दोन्ही साफ केल्या आणि काकांच्या मोबाइलच्या जोडणीवर सगळं पुन्हा उतरवलं. त्यातच दुपार गेली.

मग ॲप्टला फक्त लुटुपुटीचा सराव करायला सांगितलं, --सिम्युलेट. आधीच्याच १४३ नावांची यादी आली, काढून टाकायचं एकही नाही. "काढून टाकायचं" या रकान्यात एक जरी अनोळखी नाव असतं, तर मी तिथेच थांबलो असतो. खरं अपग्रेड सुरू केलं तेव्हा संगणक शेजारच्या घरातून आणलेल्या चालू इन्व्हर्टरवर होता.

मधे एकच प्रश्न विचारला गेला, कप्सच्या सेटिंगच्या फाइलीबद्दल: तुमची ठेवू की नवी घालू? ती मी स्वतः पूर्वी बदलली होती, दोन्ही संगणकांना एकच प्रिंटर दिसावा म्हणून. आपली ठेवली. तिथे नुसतं एंटर दाबलं तरी आपलीच राहते.

तपासणी, आणि रात्री

अपग्रेड पुरं झालं. डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ला करायला काही उरलं नव्हतं. --ऑडिट गप्प राहिलं. ॲप्टच्या चेकलाही काही खटकलं नाही. शेवटी डीपीकेजी --व्हेरिफाय, जो प्रत्येक फाइलीची बेरीज (चेकसम) नोंदवलेल्या बेरजेशी ताडतो. त्यात तीन ओळी आल्या. तिन्ही सेटिंगच्या फाइली, तिन्ही आम्हीच बदललेल्या. प्रोग्रामाची एकही फाइल नाही.

कप्स उठलं. ताईंनी सातवं पान ट्रेसिंगवर काढून दिव्यासमोर धरलं आणि जोडाक्षरं बोटानं तपासली: "ज्ञ", "श्र", "द्ध". ती तपासण्याची गरज नव्हती, फाँटना धक्का लागला नव्हता. पण त्या रोजच करतात. पहिला फर्मा रात्री पावणेअकराला मशीनवर चढला. पुस्तिका गुरुवारी दुपारी गेल्या.

प्रती नसत्या तर

हा भाग आम्हाला लागला नाही. पण चवथ झाल्यावर मी डिस्कच्या प्रतिमेवर तो मुद्दाम करून पाहिला, कारण सगळीकडे "बॅकअप्स" फोल्डर इतका दयाळू नसतो.

"इन्फो"तल्या लिस्ट फाइलींच्या नावांवरून पॅकेजेसची नावं मिळतात. आवृत्ती मिळते "डॉक" फोल्डरमध्ये, जिथे प्रत्येक पॅकेजचा दाबलेला चेंजलॉग असतो आणि त्याची पहिली ओळ आवृत्ती सांगते. काही पॅकेजेसचा डॉक फोल्डर म्हणजे दुसऱ्याच्या फोल्डरकडे बोट असतं, तिथे थोडं फिरावं लागतं. नाव आणि आवृत्ती हातात आली की बाकीचे रकाने, म्हणजे अवलंबन, विभाग, वर्णन, ॲप्टनं उतरवलेल्या याद्यांतून उचलता येतात. लहानशी स्क्रिप्ट लिहून मी नव्वद टक्क्यांहून जास्त नोंदी अशा उभ्या केल्या. मग सगळ्यांना पुन्हा इन्स्टॉल करायला लावलं की उरलेल्या जागा भरतात.

जे अशा रीतीनं येत नाही, ते त्रास देतं. प्रिंटरचा ड्रायव्हर डेबियनच्या भांडारातला नव्हता. तो कधी तरी डेब फाइल म्हणून आणून बसवलेला. त्याची नोंद जुलैच्या प्रतीत होती म्हणून आम्ही वाचलो. नाहीतर त्याचे रकाने भरून देणारी यादी कुठेच नव्हती.

रिकामी स्टेटस ठेवून पुढे जा, किंवा दुसऱ्या संगणकावरची आणून चिकटवा, असे सल्ले फिरत असतात. रिकामीनं ॲप्टला वाटतं की इथे काहीच बसवलेलं नाही. दुसऱ्याची आणली तर तो दुसऱ्याच्या जमिनीचा उतारा होतो, आणि पुढची प्रत्येक वाटणी खोट्या कागदावर होते. दोन्हींपेक्षा वर सांगितलेली कष्टाची वाट बरी.

नोंदवही साध्या मजकुरात ठेवायची पद्धत डीपीकेजीत फार जुनी. इयन जॅक्सन यांनी ते सी भाषेत नव्यानं लिहिलं १९९४ साली. आरपीएम वापरणाऱ्या फेडोरासारख्या लिनक्सवाल्यांची नोंदवही बायनरी डेटाबेसमध्ये असते, आधी बर्कली डीबी, आणि २०२० च्या फेडोरा ३३ पासून एसक्यूलाइट. तिथे --रीबिल्डडीबी ही एक आज्ञा पुष्कळ वेळा काम भागवते, आणि ती सोयीची आहे. पण हेक्सडंपमध्ये मजकूर नेमका कुठे थांबला हे डोळ्यांनी पाहता येणं, २२९ ब्लॉक मोजता येणं, याचं मोल मला त्या दिवशी कळलं. मला ती जुनी पद्धत मनापासून आवडते.

नंतर

यूपीएसची बॅटरी त्याच आठवड्यात बदलली. डिस्क चवथीनंतर बदलली, कपॅसिटरवाली घेतली. चिठ्ठी मी नव्यानं लिहून दिली: अपग्रेड सकाळी, दिवसाउजेडी, वारा-पाऊस नसताना आणि डिलिव्हरीच्या आठवड्यात मुळीच नाही.

दर शनिवारी सेटिंगचं "इटीसी", "बॅकअप्स" आणि डीपीकेजीचं फोल्डर अशी तिन्ही एका पेन ड्राइव्हवर जातात. तीन पेन ड्राइव्ह पाळीपाळीनं वापरतात, म्हणजे बिघडलेली प्रत एकमेव चांगल्या प्रतीवर चढणार नाही. ड्रायव्हरची डेब फाइल शोधायला मात्र वेळ लागला. शेवटी ती ताईंना कपाटातल्या जुन्या सीडीवर सापडली, आता ती तिन्ही ड्राइव्हवर आहे.

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल ही आज्ञा आपण स्वतः मागून घातलेल्या पॅकेजेसची यादी देते, अवलंबनापायी आलेली वगळून. काकांनी ती ए४ कागदावर छापून घेतली आणि प्लेटांच्या मांडणीशेजारी भिंतीवर लावली. नकुल आणि सहदेव त्यात एकाखाली एक नाहीत, वर्णक्रमानं मधे आणखी नावं येतात. ताईंनी दोघांभोवती लाल पेनानं खूण केली आणि शेजारी तारीख लिहिली: ११ जुलै.